धनाजी खरातांची पेडलं

लालासाहेबांच्या घरचा चहा मला आता चालत नाही. कप समोर आला की मी उठतो. चहाचा त्यात काही दोष नाही. दूध घरच्या म्हशीचं, वर आलं ठेचून घातलेलं. दोष माझा आहे, आणि तो सांगायचा तर आधी धनाजी खरातांबद्दल सांगावं लागेल.

खरात म्हसवडजवळच्या एका वाडीचे. एअर फोर्समध्ये वीस वर्षं फिटर होते, सार्जंट होऊन रिटायर झाले. पायलट पायाखालचं पेडल दाबतो आणि मागं शेपटीवरचं उभं सुकाणू वळतं. त्या दोन टोकांमधल्या तारा, कप्प्या, स्प्रिंगा बघायच्या आणि 'ठीक' म्हणून सही करायची, हे त्यांचं काम. ज्या विमानांवर सह्या केल्या त्यातल्या एकातही ते कधी पुढं बसले नाहीत. रिटायर झाल्यावर साताऱ्यात एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला लागले. बारीक चणीचा माणूस, शर्टाला कायम इस्त्री, कानावर पेन्सिल. कुठं बिघाड झाला की ते पहिल्यांदा स्वतःचंच काम तपासायचे. "आदी आपला हात बघायचा," म्हणायचे. ही सवय त्यांना एअर फोर्सनं लावली होती, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून तिचा कसा फायदा घेतला तेच मला सांगायचं आहे.

आम्ही म्हणजे मी आणि लालासाहेब. माझा पोवई नाक्याजवळ कॉम्प्युटर क्लास आहे, तेव्हा सोबत टायपिंगचाही होता. जागा लालासाहेबांची. लालासाहेबांचा सांगलीकडे नदीकाठाला ऊस आणि साताऱ्यात दुमजली बंगला. चौदा एप्रिलला मिरवणुकीत फेटा बांधून सगळ्यात पुढं तेच. 'आपण जातपात मानत नाही' हे वाक्य दिवसातून एकदा तरी त्यांच्या तोंडून ऐकायला मिळायचं. कुणी विचारलेलं नसताना.

सत्त्याण्णव साली त्यांच्या मुलाला, वीरधवलला, अमेरिकेतल्या मामानं विमान उडवायच्या खेळासाठी पायातली पेडलं पाठवली. कॉम्प्युटरवर विमान, हातात दांडी, पायाखाली पेडलं. अंतराळयानाचाही एक खेळ होता, त्यात पेडल दाबलं की यान जागच्या जागी नाक वळवायचं. वीरधवलनं ट्रॅक्टरचा क्लच दाबावा तसा पाय देऊन महिन्याभरात डावं पेडल मोडलं. सातारा जिल्ह्यात कॉम्प्युटरचं काहीही मोडलं की माझ्याकडे यायचं. मी ते खरातांना दाखवलं.

त्यांनी ते उलटंपालटं केलं आणि तोंड वाकडं केलं. "सर, ह्येला पेडल म्हनत्यात व्हय? ही साबनाची डबी हाय."

खोटं नव्हतं. सगळं पातळ प्लास्टिक. जरा जोर दिला की पेडलांसकट पाटी फरशीवरनं घसरत टेबलाखाली जायची. मधोमध पाय ठेवला तरी विमान सरळ जायचं नाही, कारण पेडल मध्यावर धरणारी स्प्रिंग ढिली. खरातांनी ते हातभर लांब धरलं होतं, जणू त्याला वास येत होता. मग खाली ठेवून म्हणाले, "मी करतो नीट. पैशे नगं मला. पन लालासाहेबांना एक इचारा."

त्यांची मुलगी प्रियंका बी.एस्सी. झाली होती. एअर फोर्सनं पाचेक वर्षांपूर्वीच मुलींना पायलट म्हणून घ्यायला सुरुवात केली होती आणि तिला मैसूरच्या निवड बोर्डाचं बोलावणं आलं होतं, दोन महिन्यांनंतरचं. तिथं एक यंत्र असतं, खरात म्हणाले. हातात दांडी, पायात पेडलं, समोर पळणारा ठिपका. तो मध्ये धरून ठेवायचा. "ही परीक्षा जन्मात एकदाच देता येती, सर. पडली की पडली. परत अर्जच घेत न्हाईत. पोरीनं आजवर सायकलबिगर कशाला पाय लावला न्हाई. रोज एक तास तेवढा तिला ह्या पेडलांवर बसू द्या म्हनावं."

लालासाहेबांनी उदार हात हलवला. "त्यात काय इचारायचं? आपलीच पोरगी हाय. पाच ते सहा येऊ दे, वीरधवल तवा तालमीत असतोय."

मग दहा दिवस खरात कारखान्यातून सुटले की त्यावर बसायचे. खाली लोखंडी अँगलची चौकट, तिला ट्रकच्या ट्यूबचे रबरी पाय, म्हणजे घसरायला नको. दोन्ही पेडलं एका आडव्या दांड्यानं जोडली, एक पुढं गेलं की दुसरं मागं आलंच पाहिजे. सांध्यात बेअरिंग. पाय ठेवायला एसटीच्या पायरीवर असतो तसा खवल्यांचा अॅल्युमिनियमचा पत्रा. लुनाच्या स्टँडच्या दोन स्प्रिंगा घेतल्या आणि प्रत्येकीला किलोचं माप टांगून ताण सारखा आहे का ते फुटपट्टीनं मोजलं. एक दोन मिलिमीटर जास्त लोंबत होती, म्हणून फेकली आणि दुसरी आणली. मी तर कौतुकानं बघतच राहिलो.

शेवटी पेडलाची हालचाल कॉम्प्युटरला कळवणारा भाग. तो म्हणजे रेडिओचा आवाज कमी-जास्त करायचा कंट्रोल असतो, तोच. खरातांनी इथल्याच रेडिओवाल्याकडून एक आणला, आणि विमान डावीकडे हळू आणि उजवीकडे एकदम वळायला लागलं. "माझी चूक," ते तिथल्या तिथं म्हणाले. "रेडिओचा आवाज आदी हळू चढतो, मग भसकन. आपल्याला सारखा चढनारा पायजे." तसला साताऱ्यात मिळेना, तर रविवारी एसटीनं सांगलीला जाऊन घेऊन आले. पेडलं बंगल्यावर बसवली त्या दिवशी प्रियंकानं दहाव्या खेपेला विमान धावपट्टीच्या मधल्या पट्ट्यावर आणून उतरवलं. वीरधवलनं तोंडात बोट घातलं. अमेरिकेतल्या मामाला त्यानं फोन करून सांगितलं म्हणे, की पेडलं आता दहापट भारी झालीत.

मुलगी रोज पाचला यायची. चपला बाहेरच्या पायरीखाली काढायची आणि अनवाणी पेडलांवर पाय ठेवायची. तासाभरानं उठली की तळव्यांवर पत्र्याच्या खवल्यांचे ठसे असायचे. बोलणं कमी, बापासारखंच. आठवडाभरात ती कुठल्याही वाऱ्यात विमान सरळ धरायला शिकली.

आठव्या दिवशी विमान शेपूट झटकायला लागलं. पाय स्थिर, पेडल स्थिर, तरी पडद्यावर विमान डावीकडे-उजवीकडे हिसके द्यायचं. खरात आले, कंट्रोल उघडला. आत पितळेवर हिरवट थर. साफ केला, टाके नवे मारले, चाललं. दोन दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा उघडला, पुन्हा हिरवं.

"सोल्डरची पेस्ट नीट पुसली नसंल मी," ते म्हणाले. "पेस्ट राह्यली की हिरवं धरतंय." पेस्ट बदलली. स्पिरिटनं धुतलं. भिंगाखाली धरून टाके मारले. तिसऱ्यांदा बिघडलं तेव्हा लालासाहेब सोफ्यावरून म्हणाले, "धनाजी, एअर फोर्सात इमानं बी अशीच नीट करत हुतास काय रं?" सगळे हसले. वीरधवल हसला, चहा घेऊन आलेली कामवाली राहीबाई हसली. मीही हसलो, कारण जागा त्यांची. प्रियंका पेडलांकडे बघत होती. खरात म्हणाले, "माझंच काय तरी चुकतंय, साहेब."

त्यानंतर दोन दिवसांनी लालासाहेबांच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला, म्हणून मी संध्याकाळी सहाच्या सुमारास तिकडं गेलो. प्रियंका फाटकात भेटली, घरी निघाली होती. वर खोलीत गेलो तर लालासाहेबांच्या पत्नी लीलाबाई तांब्या घेऊन उभ्या. तुळशीची डहाळी तांब्यात बुडवायच्या आणि पेडलांवर शिंपडायच्या. मग खुर्चीवर. मग पुन्हा पेडलांवर, नीट, सांध्यासांध्यांत. मागून राहीबाई ओल्या फडक्यानं पुसत होती. खोलीभर गोमूत्राचा वास होता.

मला बघून लीलाबाई अजिबात दचकल्या नाहीत. तेच मला सगळ्यात घाण वाटलं. केर काढताना कुणी आलं तर जेवढं अवघडतं माणूस, तेवढ्याही अवघडल्या नाहीत. "देवघर भिंतीला लागून हाय न्हवं, म्हनून," म्हणाल्या. "तसं मनात काय न्हाई आमच्या. पोरगी लय गुनाची हाय. बसा की सर, च्या टाकते."

मला शिसारी आली. त्या तांब्याची, त्या डहाळीची, त्या गोड आवाजाची. पितळेवरचं हिरवं कुठून येतं ते मला त्या क्षणी कळलं. आता खाली उतरायचं आणि सायकल मारत खरातांच्या घरी जाऊन सांगायचं, एवढंच काम होतं. मी बसलो आणि चहा प्यालो. अर्धा नाही, पूर्ण कप. वर 'छान झालाय' म्हणालो.

उद्या सांगू म्हटलं. मग म्हटलं, सांगितलं तर खरात भडकतील, मुलीचा सराव बंद होईल, तिचंच नुकसान. हे कारण मला फार आवडलं. ते मी रोज घासून-पुसून वापरत होतो. खरं कारण माझ्या डोक्यावर छप्पर कुणाचं आहे ते होतं.

पंधरा दिवस गेले. खरात दर दोन दिवसांनी कंट्रोल उघडत होते. त्यांनी डोळे तपासले, नवा चष्मा केला. विमान हिसका देईल म्हणून प्रियंका उजवा पाय आधीच थोडा दाबून ठेवायला शिकली. नीट चालणाऱ्या यंत्रावर हा पाय तिचा घात करणार हे शेंबड्या पोराला कळलं असतं. ती बापाला म्हणाली, "पप्पा, मशीन न्हाई, माझाच पाय थरथरत आसंल." आणि बाप म्हणाला, "न्हाई बाळा, माझा हात."

एक दिवस दुपारी खरात क्लासमध्ये आले. मुलं टायपिंग करत होती. माझ्या टेबलासमोर उभे राहून त्यांनी दोन्ही हात पुढं केले, तळवे खाली.

"सर, जरा बगा की. थरथरत्यात का?"

हात दगडासारखे स्थिर होते. वीस वर्षं विमानांवर काम केलेले हात. मी ते बघितले आणि म्हणालो, "वय झालं की थोडं होतंच हो, खरात."

त्यांनी मान डोलावली. "आज कारखान्यात सांगून आलो, बारीक काम मला देऊ नगासा म्हनून," म्हणाले, आणि गेले.

माझं ते वय झाल्याचं वाक्य मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

बोर्डाला चौदा दिवस राहिले होते तेव्हा ते पुन्हा आले. या वेळी रुमालात उघडलेला कंट्रोल होता. त्यांनी तो टेबलावर ठेवला, कानावरची पेन्सिल काढून टोक आत नेलं. चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी रक्त होतं.

"सर, ह्ये पेस्टचं न्हाई. पेस्टचं हिरवं टाक्यापाशी धरतंय. हितं टाका कोरडा हाय, आन् हिकडं कडंला, झाकनाच्या फटीपाशी बगा. बाहेरनं आत आलंय ह्ये. वल हाय. कशाची तरी वल आत शिरती."

मला एवढं हलकं वाटलं! त्यांना स्वतःलाच सापडलं, आता मला सांगावं लागणार नाही. त्या आनंदात मी बोलून गेलो, "होणारच हो. गोमूत्रात खार असतोच."

मुलांच्या टाइपरायटरांचा आवाज चालू होता. खरातांनी पेन्सिल परत कानावर ठेवली.

"मी वल म्हनलो," ते म्हणाले. "गोमूत्र तुमी म्हनला."

मी टेबलावरच्या वह्या सरळ करायला लागलो.

"कवापासनं ठावं हुतं?"

"पंधरा दिवस झाले."

त्यांनी रुमालाची चारही टोकं जुळवून गाठ मारली. घाई नाही, राग नाही. "परवा माझा हात बगितला हुता न्हवं तुमी?" एवढंच म्हणाले आणि बंगल्याकडं निघाले. मी मागून गेलो. का गेलो ते मला माहीत नाही, कदाचित ते ओरडतील आणि मला बरं वाटेल म्हणून.

ते ओरडले नाहीत. त्यांनी वर जाऊन मांडी घातली. फोटोच्या रोलची प्लास्टिकची डबी आणली होती, तिच्यात नवा कंट्रोल बसवला, वायरीला रबर घातलं, सगळ्या फटी एमसीलनं बुजवल्या आणि तासभर वाळू दिलं. लीलाबाई दारात, लालासाहेब पेपर धरून सोफ्यावर. मग खरातांनी कॉम्प्युटर चालू करायला लावला, पाण्याचा तांब्या मागितला आणि आख्खा तांब्या पेडलांवर ओतला. पडद्यावरचं विमान धावपट्टीवर ढिम्म उभं होतं.

"वैनी, आता काय बी शिंपडा," ते म्हणाले. "आत थेंब जायाचा न्हाई."

लीलाबाईंचा चेहरा उतरला. "आवं, तसं मनात न्हवतं काय. देवघर…"

"बायकांचं काय मनावर घ्यायचं, धनाजी?" लालासाहेब पेपरमागून म्हणाले.

"न्हाई घेत. काम पुरं करून दिलं, साहेब. पोरगी उद्यापासनं यायची न्हाई." त्यांनी हत्यारं पिशवीत भरली, फरशीवरचं पाणी स्वतः पुसलं आणि गेले.

चौथ्या दिवशी सकाळी प्रियंका माझ्या क्लासमध्ये आली. हातात पेडलांची दुसरी जोडी, बापानं तीन दिवसांत कारखान्याच्या भंगारातून नव्यानं केलेली, पहिलीपेक्षा हलकी आणि नीट. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, लेस आवळून बांधलेल्या.

"सर, तुमच्या मशीनवर मला रोज एक तास बसायचंय. पप्पा नगं म्हनत हुते. मला बोर्ड द्यायचाय म्हनून आले. तुमच्याशी बोलायला आले न्हाई."

मी 'चपला बाहेर काढा' या पाटीकडं बघितलं. ती माझ्याच क्लासच्या दारावर होती, मीच लावलेली. मी मान खाली घालून बाजूला झालो. ती बुटांनिशी आत आली, बसली, उजवा पाय मोकळा ठेवायला पुन्हा शिकली. आठ दिवस. तिसऱ्या दिवशी लालासाहेब सहज डोकावले, तिला बघितलं, "आरं वा, हितं व्हय?" म्हणाले आणि वीरधवलसाठी नवीन कॉम्प्युटर कोणता घ्यावा ते विचारून गेले. जागा सोडा म्हणाले नाहीत. ज्याच्या भीतीनं मी पंधरा दिवस शेण खाल्लं, ते त्यांच्या मनातही नव्हतं. त्यांना काही वाटलंच नव्हतं.

प्रियंकाची निवड झाली. ही बातमी मला लालासाहेबांकडून कळली. ते पेढ्यांचा पुडा घेऊन नाक्यावर फिरत होते. "आमच्याच पेडलांवर शिकली पोरगी! घरची हाय आपल्या!" मी हातात पेढा घेतला. खाल्ला नाही आणि टाकलाही नाही, कागदात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवला. आठवड्यानं त्याला मुंग्या लागल्या.

दुसरी जोडी माझ्याकडंच राहिली होती. खरात ती घ्यायला येणार असा निरोप आला तेव्हा मला वाटलं, निदान नीट द्यावी. आठ दिवसांच्या सरावाची माती पत्र्याच्या खवल्यांत बसली होती. मी फडकं ओलं केलं आणि खाली बसून एकेक खवला पुसायला लागलो. मनापासून पुसत होतो, चकाचक करून द्यायची म्हणून. बराच वेळ झाला असेल. मान वर केली तर खरात दारात उभे होते.

त्यांनी पेडलांकडं बघितलं. मग माझ्या हातातल्या फडक्याकडं.

"धूळ होती," मी म्हणालो.

"व्हय," ते म्हणाले. "माझ्या पोरीच्या बुटाची हुती."

त्यांनी खिशातला रुमाल काढून पेडलं कोरडी केली, सांधे दोनदा हलवून बघितले, जोडी काखेत मारली आणि जिना उतरून गेले. मी फरशीवर तसाच बसलो होतो, ओलं फडकं हातात घेऊन.